गुळगुळीत वाक्यांची जोखीम

रक्तविकारांवरचा शोधनिबंध संपादनासाठी आला की मी आधी त्यातले तक्ते वाचते. इंग्रजी नंतर. व्याकरणाची चूक वाचकाला खटकते, म्हणून ती सापडते. तक्त्यातली चूक खटकत नाही, आणि भोवतीची वाक्ये सफाईदार झाली की ती आणखी खोल दडते.

एखाद्या निबंधात ‘सिकल पॉझिटिव्ह रुग्ण’ असा रकाना असतो. त्यात भाषेची चूक काहीच नाही. पण सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट वाहकाचीही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाचीही. दोघांना वेगळे काढायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावे लागते. ‘एएस’ म्हणजे वाहक, तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण: हाडे पिळवटणाऱ्या वेदनांचे झटके, वारंवार जंतुसंसर्ग, दवाखान्याच्या फेऱ्या. एका रकान्यात दोघांची गणती झाली तर तालुक्यातल्या रुग्णांचा आकडा फुगतो, औषधांचा अंदाज चुकतो आणि लग्न ठरताना एखाद्या वाहक मुलीवर आजारी असल्याचा शिक्का बसतो. वाहकाने जोडीदाराची तपासणी करून घ्यावी एवढाच खरा सल्ला असतो, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा वेळी ‘तपासणी कोणती केली?’ एवढे विचारणे हे भाषा सुधारण्यापेक्षा मोठे काम आहे.

थॅलेसेमियाचेही तसेच. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात एचबीए२ या हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारणपणे ३.५ टक्क्यांच्या वर असते. पण त्याच माणसाच्या अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली येऊ शकतो आणि वाहक नजरेतून निसटतो. लोहाची स्थिती पाहिली होती का? नुकतेच रक्त चढवले असेल तर यंत्र रुग्णाबरोबर दात्याचेही हिमोग्लोबिन मोजते. मग नमुना रक्त चढवण्याआधी घेतला की नंतर, आणि नंतर तर किती दिवसांनी? या प्रश्नांची उत्तरे लेखकाच्या संगणकात नसतात. त्याला जुने केसपेपर काढावे लागतात, प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारावे लागते. चिडचिड होते, आणि ती मला समजते. रात्रपाळी करून आलेल्या निवासी डॉक्टरला नोंदवहीकडे परत पाठवणे सुखाचे नाही. तरी पाठवायला हवे.

प्लेटलेटचा आकडा आपल्याकडे लाखांत बोलतात. दीड लाख म्हटले की परिचारिकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना कळते. परदेशी जर्नलला तोच आकडा लिटरमागे अब्जांच्या हिशोबात हवा असतो आणि तिथे तो १५० होतो. आपले २०,००० तिथले २०. या रूपांतरात एक शून्य सरकले तर रक्तस्राव टाळण्यासाठी प्लेटलेट कधी द्याव्यात, हेच वाचणाऱ्याला वेगळे दिसू लागते.

संपादन म्हणजे इंग्रजी नीट करणे हा समज आपल्या महाविद्यालयांत घट्ट आहे, आणि तो काही डॉक्टरांचा दोष नाही. निबंध परत येतो तेव्हा परीक्षकाच्या शेऱ्यात बहुधा ‘इंग्रजी भाषकाकडून तपासून घ्या’ असेच लिहिलेले असते. मग लेखक पैसे भरून तो कुणाकडून तरी तपासून घेतो. निबंध छान वाचनीय होऊन येतो, आणि तिथेच मला धोका दिसतो. अडखळत्या वाक्यात लेखकाची शंका निदान दिसत तरी असते. ‘बहुतेक’, ‘काही रुग्णांत’, ‘आमच्या नोंदींनुसार’ अशा शब्दांना फापटपसारा समजून कापले की वाक्य ठाम होते, पण त्या ठामपणाला पुरावा मिळालेला नसतो.

या क्षेत्राची परंपरा तर संयमाची आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशी पाहिल्या, तेव्हा निबंधाच्या शीर्षकात त्यांनी एवढेच नोंदवले: अशा विलक्षण पेशी, तीव्र रक्तक्षयाच्या एका रुग्णात. रोगाला नाव देण्याची घाई केली नाही. या रोगामागचा हिमोग्लोबिनच्या रेणूतला फरक लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवला. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या, पुढे बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखल्या गेलेल्या रक्तगटाबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्या निबंधाच्या शीर्षकात रक्तगटाचे वैशिष्ट्य ‘नवे’ असल्याचे सांगताना तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवलेला आहे. एवढा मोठा शोध हाती असताना!

दावा कमावला असेल तर तो ठणकावून मांडायलाच हवा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २९९ प्रौढ सिकलसेल रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेणाऱ्यांत वर्षाकाठी वेदनेच्या झटक्यांचा मध्यांक २.५ होता, दुसऱ्या गटात ४.५. तिथे ‘औषधाने झटके कमी झाले’ हे वाक्य रास्त आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांना त्याच औषधाची किलोमागे रोज १० मिलिग्रॅम अशी कमी मात्रा देऊन नियंत्रित चाचणी केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. जिथे वारंवार रक्त तपासून मात्रा वाढवत नेणे अवघड, तिथे त्या निबंधाचे मोल फार आहे. पण तुलनेचा गट नसताना, केवळ औषधाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी पाहून तेच वाक्य लिहिले तर संपादकाने ते अडवावे. ‘औषध सुरू केल्यानंतर कमी झटके नोंदले गेले’ इथपर्यंतच जाता येते.

अडवावे म्हणजे स्वतः बदलून टाकावे असे नव्हे. समासात प्रश्न लिहावा आणि उत्तर लेखकाकडून यावे. निष्कर्ष संपादकाने लिहिला की निबंध कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. हिमोफिलियासारख्या आजारात तो अधिक टोचतो, कारण तिथे औषधे अतिशय महाग असतात आणि मसुदा लिहिणाऱ्याचे मानधन औषध कंपनीने दिलेले असू शकते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम स्पष्ट आहे: केवळ भाषा-संपादन करणारा लेखक ठरत नाही, त्याचा उल्लेख आभारात करावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणता येणार नाही आणि त्यांची मदत घेतली असेल तर ती उघड करावी, हेही समितीने २०२३ मध्ये सांगितले. ही साधने वाक्य क्षणात सरळ करून देतात. पण केसपेपर त्यांनी पाहिलेले नसतात, आणि लेखकाला ते पाहायला लावण्याचे काम उरतेच.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. नंदुरबार, गडचिरोलीतल्या नोंदींवरून पुढची कित्येक वर्षे निबंध लिहिले जातील. ते लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांना निबंध परत आल्यावर, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन संपादक शोधावा लागू नये. संशोधनाचा आराखडा नैतिकता समितीपुढे जातो त्याच वेळी तो महाविद्यालयातल्या पगारी संपादकाच्या टेबलावरही यावा. नमुना रक्त चढवण्याआधीचा की नंतरचा, हा रकाना त्या दिवशी कोऱ्या नोंदतक्त्यात घालता येतो. दोन वर्षांनी तो भरून काढता येत नाही.