मुलांचे ताट : प्रेयस की श्रेयस?

कठोपनिषदात यमाने नचिकेताला दोन वाटा सांगितल्या आहेत. प्रेयस म्हणजे जे लगेच आवडते आणि श्रेयस म्हणजे जे शेवटी कल्याणाचे ठरते. यमाने हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य देऊ केले, तरी नचिकेताने श्रेयसच निवडले. नचिकेता लहान होता, पण आपल्या घरातील पाच-सात वर्षांचे मूल नचिकेता नाही. त्याचा विवेक अजून घडायचा आहे. तोपर्यंत त्याच्या वतीने निवड कोणी करायची? हा पालकांच्या धर्माचा प्रश्न आहे आणि तो रोज अगदी साध्या रूपात समोर येतो : डब्यात काय द्यायचे?

प्रक्रिया हा दोष नव्हे

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत दोन्ही प्रकारचे खाणे शेजारी-शेजारी दिसते. घरात पापड, लोणचे, भाजणी, चिवडा. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या दारात पाच-दहा रुपयांच्या रंगीत पुड्यांच्या माळा. पापड आणि लोणचे यांवरही प्रक्रिया झालेलीच असते. मग फरक कुठे आहे?

ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी 2009 पासून अन्नाची वर्गवारी प्रक्रियेच्या स्वरूपावरून मांडली. तिच्या चौथ्या गटात ‘अतिप्रक्रिया केलेले’ पदार्थ येतात. हे पदार्थ अख्ख्या धान्या-फळांपासून कमी आणि कारखान्यात वेगळे काढलेले स्टार्च, तेल, साखर, कृत्रिम स्वाद व रंग यांपासून अधिक बनतात. घरच्या स्वयंपाकघरात ते करताच येत नाहीत.

जबलपूरची प्रसिद्ध खोव्याची जिलेबी काही औषध नव्हे. साखर आणि तूप तिच्यातही भरपूर. पण ती कढईतून निघताना दिसते, सणाला किंवा पाहुणे आले की येते आणि एक-दोन खाल्ल्या की पोट ‘पुरे’ म्हणते. पुड्याला सणवार लागत नाही. तो मंगळवारी दुपारीही उघडतो आणि रिकामा होईपर्यंत हात थांबत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही आहाराची पारख केवळ चवीवरून नाही, तर खाणाऱ्यावर होणाऱ्या परिणामावरून केली आहे. तीच कसोटी येथे उपयोगी पडते.

हट्ट मुलाचा, इच्छा कोणाची?

‘मूल ऐकतच नाही, दुसरे काही खातच नाही,’ अशी तक्रार आपण करतो. पण हात का थांबत नाही, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 प्रौढांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, दोन्ही वेळा हवे तितके खाण्याची मुभा. समोर ठेवलेल्या अन्नातील साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखेच होते. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती.

ही जाणती माणसे होती. त्यांना जे आवरता आले नाही, ते मुलाने आवरावे अशी अपेक्षा ठेवून त्याला हावरट म्हणणे अन्याय आहे. संयम शिकवायचा असेल, तर आधी संयम शक्य होईल असे अन्न समोर ठेवले पाहिजे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. त्या परिपत्रकानुसार 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी 13 टक्के साखरेतून येतात. असाव्यात 5 टक्के. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत व शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम 2020 मध्ये झाला आहे. पण एकावन्नाव्या मीटरपासून आपले घर सुरू होते. तेथे नियम आपणच करायचा असतो.

पुडा आपली कोणती गरज भागवतो?

प्रामाणिकपणे पाहिले तर पुडा अनेकदा मुलाच्या भुकेपेक्षा आपल्या घाईची गरज भागवतो. मूल रडते, आपल्याला फोन घ्यायचा असतो, पुडा मिळताच शांतता होते. हळूहळू मूल शिकते की दुःख, कंटाळा आणि राग यांवर खाणे हाच उपाय आहे. हा संस्कार पुड्यातील मिठापेक्षा जास्त काळ टिकतो.

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. पहाटे कामाला निघणाऱ्या आईने डब्यात बिस्किटे दिली, तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलांचे अन्न ही एकट्या आईची साधना नव्हे. ज्या घरात बाबा आणि आजी-आजोबा ओट्यापाशी उभे राहत नाहीत, त्या घराने आईला प्रश्न विचारू नये.

घरात काय करता येईल?

पहिले, बंदी घालू नये, प्रसंग ठरवावा. चोरून खाण्याची सवय पुड्याहून वाईट. आठवड्यातून एक दिवस ठरला की मूल वाट पाहायला शिकते, आणि वाट पाहणे हीच संयमाची पहिली पायरी आहे.

दुसरे, पुड्यामागील घटकांची यादी मुलाबरोबर वाचावी. ज्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी असते. पहिल्या तीन नावांतच साखर आणि तेल सापडले, तर मुलाला वेगळे समजावावे लागत नाही.

तिसरे, मुलाला अन्न घडताना दाखवावे. हिवाळ्यात जबलपूरच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. शेंगा सोलायला बसलेले मूल निम्मे दाणे तिथेच खाते, कोणीही आग्रह न करता. शेंगदाणा-गुळाचा लाडू वळणे, फुटाणे निवडणे, पोहे धुणे ही कामेही सहा वर्षांचे मूल आनंदाने करते.

चौथे आणि सर्वांत कठीण, जो नियम मुलाला तोच मोठ्यांना. मूल झोपल्यावर कपाटातून पुडा काढणाऱ्या घरात श्रेयसाचा उपदेश टिकत नाही.

मूल आज जे खाते, त्यातून त्याचे शरीर घडते. ते कसे दिले जाते, यातून त्याचे मन घडते. उद्या ते आपल्या हाताबाहेर जाईल आणि स्वतः निवड करील. त्या दिवशी श्रेयस ओळखण्याची सवय त्याच्या जिभेला लागलेली असावी, एवढ्यासाठी आजचा डबा थोड्या अधिक लक्षाने भरू या.