पंपाची मजुरी

सिंगापूरच्या आंग मो किओत आमचं घर अकराव्या मजल्यावर. शहापूर तालुक्यातून आई पहिल्यांदा इथे आली, तेव्हा तिने नळ सोडून पाहिला आणि विचारलं, "एवढ्या वर पाणी चढवतं कोण?" पंप, मी म्हटलं. "आणि त्याचे पैसे?" इमारतीच्या देखभालीसाठी दर महिन्याला भरतो, त्यातच येतात. आई गप्प झाली. तिने चाळीस वर्षं विहिरीवरून पाणी भरलं. त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो, वर भांड्याचं वजन. तो पंपाने उचलला की विजेला, दुरुस्तीला, माणसाला दर लागतो. बाईने चुंबळीवर घेतला की त्याला कुणी काम म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 सालच्या राष्ट्रीय लेखापद्धतीने घरासाठी पाणी वाहणं उत्पादनात धरलं आहे, पण प्रत्यक्ष हिशेबात ते क्वचितच उतरतं.

आंग मो किओतही कधीकाळी रबराचे मळे आणि काम्पोंग, म्हणजे खेडी होती. सिंगापूरच्या अशा खेड्यांत विहिरीवरून, सार्वजनिक नळावरून डबे भरून आणायचे ते बहुधा बायकांनी आणि पोरांनीच. 1973 पासून इथे नवं नगर उभं राहू लागलं आणि एका पिढीत ते ओझं उतरलं. तोवर नवऱ्यांचं मन काही पालटलं नव्हतं. सरकारने ते काम आपलं मानून त्यावर पैसा घातला, एवढंच.

आमच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, भातसा धरण आहे. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघतात. डेंगणमाळ याच तालुक्यातलं. तिथे काही पुरुषांनी पाणी आणण्यासाठी दुसरी, तिसरी बायको केल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. लोक त्या पुरुषांवर चिडले. मला मात्र त्या बातमीत सरळ हिशेब दिसला: पंपाला पैसे पडतात, बायकोला मजुरी द्यावी लागत नाही.

रोजगार हमी महाराष्ट्राने देशाला दिली. त्या कामावर बाईने मातीची पाटी उचलली की हजेरी लागते, घरी पाण्याचा हंडा उचलला की लागत नाही. गावचा नळ कोरडा राहील, टँकर येणार नाही, त्या प्रत्येक दिवसाची हजेरी पाणी वाहणाऱ्या बाईच्या नावे लागावी आणि मजुरी तिच्या खात्यात पडावी, असं मला मनापासून वाटतं. तो आकडा अंदाजपत्रकात आला, की पाड्यापर्यंत नळ नेणं परवडत नाही, हे उत्तर कुणाला देता येणार नाही.