कुलाची अब्रू आणि कुलगुरूंचा शब्द

‘कुलगुरू’ या पदनामातील ‘गुरू’ या अंशाचा गौरव आपण पुष्कळ करतो. त्याच्या आधी येणारे ‘कुल’ मात्र फारसे पारखून पाहत नाही. ज्याला कुल आहे त्याला कुलाची अब्रूही आहे, आणि जिथे अब्रूचा प्रश्न आला तिथे घरातली गोष्ट घरातच राहावी, उंबऱ्याबाहेर तिची वाच्यता होऊ नये, ही वृत्ती इतक्या सहजपणे जागी होते, की जिच्यावर अन्याय झाला ती मुलगीच घराण्याला बट्टा लावणारी ठरते आणि अन्याय करणारा मात्र घरचाच माणूस राहतो. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचा वृत्तान्त वाचताना मला पुनःपुन्हा हेच जाणवले. तिथे या पदाला अध्यक्ष म्हणतात, वृत्ती तीच.

१८५५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात लॅरी नासर हा क्रीडावैद्य होता, आणि उपचाराच्या मिषाने तो तरुण खेळाडू मुलींवर, ज्यांतल्या कित्येक अजाण वयाच्या होत्या, वर्षानुवर्षे लैंगिक अत्याचार करीत होता. १९९७ सालीच आपण ही गोष्ट विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेच्या कानावर घातली होती, असे काही जणींनी पुढे सांगितले. २०१४ मध्ये एका पदवीधर युवतीने रीतसर फिर्याद दिली, चौकशी झाली, परंतु वैद्यकीय मत ज्यांचे घेतले ते सारे तज्ज्ञ त्याच विद्यापीठातले, नासरच्या परिचयातले, आणि झाला प्रकार लैंगिक दुर्वर्तनाचा नसून उपचाराचा आहे, असा निर्वाळा मिळून तो पुन्हा कामावर रुजू झाला.

या चौकशीचे निष्कर्ष दोन प्रतींत लिहिले गेले होते, ही गोष्ट मला साऱ्या प्रकरणात सर्वांत विदारक वाटते. फिर्यादी युवतीच्या हाती जी प्रत दिली तीत नसलेला एक मजकूर विद्यापीठाच्या दप्तरी राहिलेल्या प्रतीत होता: या उपचारपद्धतीमुळे विद्यापीठावर कायदेशीर दायित्व येऊ शकते, आणि रुग्णांना विनाकारण मानसिक आघात पोहोचतो. म्हणजे जी आघाताची कैफियत घेऊन आली होती तिला ‘तुझा गैरसमज झाला’ असे सांगून परत पाठवावे, आणि तिच्या म्हणण्यातला सत्यांश मात्र संस्थेने स्वतःच्या सावधगिरीसाठी जपून ठेवावा! त्या लेखणीमागे कोणी क्रूर मनुष्य असेल असे मी मानीत नाही. कुलाची अब्रू सांभाळण्याची शिस्त अंगवळणी पडली, की सामान्य, कामसू माणसांच्या हातूनही असा मजकूर सहज लिहिला जातो, आणि म्हणूनच मला तिची धास्ती वाटते.

सप्टेंबर २०१६ मध्ये नासरचा अत्याचार सोसलेल्या रेचल डेनहॉलँडर यांनी एका वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी त्याच्यावर आरोप केला, आणि त्याच महिन्यात नासर बडतर्फ झाला. जानेवारी २०१८ मध्ये इंगहॅम परगण्याच्या न्यायालयात सात दिवस १५० हून अधिक निवेदने ऐकली गेली, व २४ तारखेला त्याला ४० ते १७५ वर्षांची सजा झाली. २००५ पासून अध्यक्षपदी असलेल्या लू अ‍ॅना सायमन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्या पत्रात दुःख आहे, आणि ते खोटे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते दुःख एक नामांकित वैद्य दुष्ट निघाला याचे आहे, आणि पुढे लगेच असेही लिहिले आहे की शोकांतिकांचे राजकारण होऊ लागले की दोषारोप अटळ असतात. ज्या मुली सात दिवस न्यायालयात उभ्या राहिल्या त्यांना उद्देशून हे वाक्य लिहिले गेले असेल, असे मला वाटत नाही.

आरोपीलाही न्याय हवा, प्रमुखाने न्यायाधीश होऊ नये, जबाबदारीचा प्रत्येक शब्द दाव्यात पुरावा ठरतो, हा वकिलांचा सल्ला निराधार नाही. परंतु दोषसिद्धीनंतरही तोच सल्ला चालू राहिला, तर त्याने रक्षण कोणाचे झाले? मे २०१८ मध्ये विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, आणि त्यानंतरही हंगामी अध्यक्ष जॉन एंग्लर यांनी काही पीडितांना प्रसिद्धीचा झोत आवडत असल्याचे उद्गार काढले व जानेवारी २०१९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

त्यांच्या जागी आले सतीश उडपा, भारतात शिकलेले अभियंते. वस्तू न फोडता तिच्या आत दडलेली चीर हुडकून काढण्याचे शास्त्र, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. फेब्रुवारीत विश्वस्तांच्या सभेत त्यांनी विद्यापीठाच्या वतीने पीडितांची जाहीर क्षमा मागितली. ती एका दुष्ट वैद्याबद्दलची हळहळ नव्हती, संस्थेने स्वतःच्या वर्तनाबद्दल मागितलेली क्षमा होती. वर्तमानपत्रातल्या त्या पहिल्या वृत्ताला तेव्हा जवळजवळ अडीच वर्षे लोटली होती, आणि दोन प्रतींच्या त्या अहवालाला साडेचार.