धुतलेला डबा

डोंबिवलीत एक बाई राहत होती. हिशेबाला पक्की आणि हाताला चव. तिच्या आसपासच्या बिल्डिंगींमधल्या आया सकाळी लोकल गाठायच्या घाईत असत. गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं होती, पण ती मोठ्यांसाठी. पोरांच्या डब्यात आपली बिस्किटं, नाहीतर आदल्या रात्रीची पोळी. बाईने ठरवलं, शाळेच्या मुलांसाठी पौष्टिक डबा सुरू करायचा.

तयारीत तिने कसूर ठेवली नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी केली आणि १४ आकडी क्रमांक चौकट करून ओट्यावर लावला. सरकारी शाळांतल्या पोषण आहाराचं माप शोधून काढलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. आपला डबा याच्या खाली उतरता कामा नये, असं तिने मनाशी पक्कं केलं. नाचणीत गव्हाच्या आठ-नऊ पट कॅल्शियम, म्हणून सोमवारी नाचणीची भाकरी. मंगळवारी पालक घातलेलं मूगडाळीचं वरण, बुधवारी मोडाची मटकी. असा आठवड्याचा रंगीत तक्ताच तिने छापून घेतला. आयांनी तो फ्रिजवर चिकटवला आणि महिन्याचे पैसे आगाऊ दिले. मटकीला मोड आले नव्हते, तोवर बाईच्या धंद्याला आले.

रिक्षावाले काका साडेनऊला डबे शाळेत पोचवत आणि साडेबाराला परत आणत. परत आलेले डबे रिकामे तर असतच, वर स्वच्छ धुतलेले. बाई हरखून जायची. दुपारी एकेका आईला फोन करायची, "आजही सगळं संपवलं हो तुमच्या बाळाने!" घरी नाचणीचं नाव काढलं की तोंड फिरवणारं पोर शाळेत भाकरी कशी संपवतं, हा प्रश्न एकाही आईला पडला नाही. हवी ती बातमी मिळाली की कोणी उलटतपासणी करत नाही. आया शेजारणींना सांगत गेल्या आणि डबे वाढत गेले.

एका शनिवारी रिक्षा बंद पडली म्हणून बाई स्वतःच डबे न्यायला गेली. शाळेच्या मावशींनी तिला हटकलं.

"डब्याच्या ताई का तुम्ही? जरा मागे चला."

शाळेच्या मागे नळाजवळ तीन कुत्री ताणून पडली होती.

"बघा, कसं बाळसं धरलंय," मावशी म्हणाल्या. "कुत्री मटकी खातात हे मला या वयात कळलं."

बाईचा चेहरा उतरला. "मग पोरं डबे धुतात कशाला?"

"न संपवता डबा गेला तर तुमचा फोन जाणार, मग घरी ओरडा. पोरं काय खुळी आहेत?"

बाईच्या तोंडून निघालं ते सगळ्यांच्याच तोंडून निघतं. हल्लीच्या पोरांना चांगलंचुंगलं नकोच, त्यांना फाटकाबाहेरचे वेफर्स हवेत. फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचं काही विकायचं नाही, असा नियम २०२० साली झाला आहे. अंतर मोजायला टेप घेऊन आलेलं मात्र मावशींनी अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"माझा नातू पालिकेच्या शाळेत जातो," मावशी म्हणाल्या. "तिथे खिचडी मिळते. ताट चाटूनपुसून घेतो. गरम असते आणि सगळी पंगतीला बसतात. पोरांना नावं ठेवू नका, ताई. तुम्ही डबा आयांसाठी करता, आणि खायचा असतो पोरांना. सोमवारी मधल्या सुट्टीत येऊन बसा."

बाई येऊन बसली. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली पाच हात धुवायच्या रांगेत गेली. पहिलीतला एक मुलगा डबा घेऊन खिडकीखाली टेकला. डब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट क्लिपा. त्याने बोटांनी ओढून पाहिलं. दात लावायला गेला, तर पुढचे दोन दातच नव्हते. शेवटी डबा गुडघ्यांत धरून हिसडा दिला, तेव्हा झाकण उघडलं आणि भाजीचा रस्सा चड्डीवर आला. भाकरी सकाळी सहाला तव्यावरून उतरली तेव्हा मऊ होती, आता चामड्यासारखी झाली होती. दोन्ही हातांनी त्याने एक तुकडा तोडला. चघळत चघळत मैदानाकडे बघत राहिला. तिकडे पकडापकडी रंगात आली होती. तुकडा गालात ठेवूनच तो उठला आणि नळाकडे गेला.

बाईने तक्त्यातलं धान्य बदललं नाही, त्याचं रूप बदललं. नाचणीच्या भाकरीऐवजी ताकात भिजवलेल्या पिठाचं घावन, गुंडाळी करून एका हातात धरता येईल असं. मूग आणि पालकाचं धिरडं. मटकी भरडून अप्पेपात्रात छोटे गोळे. पातळ काही उरलंच नाही, त्यामुळे घट्ट झाकणाचीही गरज उरली नाही. सगळे डबे नवे घेतले, ढिल्या झाकणाचे. तोवरची कमाई त्यात गेली.

मग तिने पोरांना जाऊन सांगितलं, "डबा धुवायचा नाही. उरलं तर तसंच परत पाठवायचं. घरी फोन जाणार नाही."

आता ती दुपारी खरकटे डबे एकेक उघडून बघायची आणि वहीत लिहायची. काकडी परत, घावन संपलं. बंद डब्यात तीन तास राहिलेल्या कच्च्या कांद्याला कसा वास येतो, हे तिला नाक खुपसल्यावर कळलं. कांदा गेला. शाळेमागच्या कुत्र्यांनीही लवकरच मुक्काम हलवला.

आया मात्र बिथरल्या. "रोजचा फोन का बंद? आणि आमचा आधी सगळं संपवायचा, आता उरवतो म्हणतो!"

"आधीही उरवतच होता," बाई म्हणायची. "आणि उरलं तर चूक माझ्या स्वयंपाकाची, त्याला बोलू नका."

काहींना हे पटलं नाही. त्यांनी डबे बंद केले. बाईने त्यांचे उरलेले पैसे दिवसांच्या हिशेबाने परत केले.

दिवाळीनंतर एक नवी आई चौकशीला आली. तक्ता वाचून झाल्यावर तिने विचारलं, "प्रथिनं किती ग्रॅम असतात, ताई?"

"बारा. मुलगा कितवीत?"

"पहिलीत."

बाईने फळीवरचा रिकामा डबा काढून तिच्या हातात दिला. "आज घरी त्याला हा उघडायला द्या. तुम्ही मदत करू नका. एकट्याने उघडला तर उद्यापासून सुरू करू."

"आणि नाही उघडला तर?"

"तर डबा बदलू," बाई म्हणाली आणि मटकी उपसायला आत गेली.