तुटलेली माळ, काढून ठेवलेली माळ

सातारा-सांगलीकडे दारू सोडल्याची बातमी एका शब्दात देतात: माळ घातली. अमक्यानं वारकऱ्यांची माळ घातली म्हटलं की त्याचं पिणं थांबलं, मटण थांबलं, एकादशी सुरू झाली, हे वेगळं सांगावं लागत नाही. तशीच दुसरी बातमी, अमक्याची माळ गेली. तिच्यापुढेही कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी तो कुठे दिसेल हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता या माळेच्या जोडीला सामूहिक शपथ आली आहे. ग्रामसभेत उजवा हात पुढे, एकासुरात वाक्यं, टाळ्या, फोटो, आणि काही दिवसांनी वेशीवर ‘व्यसनमुक्त गाव’ अशी पाटी. हे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण व्यसनमुक्तीची आपली सगळी चर्चाच त्या पुढे केलेल्या हातापाशी येऊन थांबली आहे. दारू सोडण्याचा दिवस आपण साजरा करतो. त्यानंतरच्या शंभर दिवसांबद्दल आपल्याकडे बोलायला शब्दसुद्धा नाहीत.

दारूविरुद्धच्या लढ्याची परंपरा आपल्याला नवी नाही. ज्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, त्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांविरुद्ध पुणे नगरपालिकेला पत्र लिहिलं. बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘चला, व्यसनाला बदनाम करूया’ ही हाक, बायकांनी मतदानानं आडवी केलेली बाटली, हे सगळं त्याच वाटेवरचं. मात्र दुकानाचा प्रश्न वेगळा आणि माणसाचा वेगळा. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. ज्याला व्यसन जडलं आहे त्याला या दोन्ही तारखांच्या मधले दिवस एकेक करून काढायचेच होते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ म्हणणाऱ्या पुड्यांविषयी तर बोलायलाच नको, ती फसवणूक आहे.

माझं भांडण आहे ते शपथेच्या विचाराशी. कारण तो चांगल्या माणसांचा विचार आहे आणि म्हणूनच कोणी तपासत नाही. मनाचा निश्चय पक्का असेल तर दारू सुटते. सुटली नाही किंवा पुन्हा सुरू झाली तर निश्चय कच्चा होता, असा तो विचार. ऐकायला सरळ वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

आधी शरीराचं बघा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं शपथेच्या जोरावर एकदम थांबवलं की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भास होऊ लागतात, भान जातं. यात माणूस दगावू शकतो. अशा माणसाला पहिला आठवडा डॉक्टरची नजर हवी, औषध हवं, बी-१ जीवनसत्त्व हवं. गावासमोर शपथ घेतलेला माणूस घरात थरथरत पडून राहतो, कारण दवाखान्यात जाणं म्हणजे निश्चय कच्चा असल्याची कबुली असं त्याला वाटतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी केवळ थरथर थांबावी म्हणून एक पेला घेतो.

मग निश्चयाचं. ज्याला आपण दुबळ्या मनाचा म्हणतो तो माणूस हंगामात पहाटे चारला उठून उसाच्या फडात जातो, मोळ्या वाहतो. हाच माणूस भर पावसात चार किलोमीटर चालत जाऊन क्वार्टर आणतो. इच्छाशक्ती त्याच्यात कमी नाही. ती कुठे अपुरी पडते हे बघायला हवं. उसाचं बिल जमा होतं त्या संध्याकाळी पडते. यात्रेला पाहुणे येतात त्या दिवशी, वरातीत, मयतीहून परतताना, भावकीच्या भांडणानंतर पडते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांवर नजर ठेवा, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांतून सांगतात. शपथेच्या मजकुरात या चौघांचं नाव नसतं.

नाटकाची पंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला तरी हे ठाऊक असायला हवं. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. पहिला प्याला घेऊ नका, एवढाच त्याचा धडा आपण शंभर वर्षं गिरवला. पण त्या नाटकात सुधाकर दारू सोडतोसुद्धा. मनापासून सोडतो. मग काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो, तिथे अपमान होतो, आणि तो परत पितो. सुधाकरची प्रतिज्ञा खोटी नव्हती. ती घेऊन तो ज्या दारात उभा राहिला ते दार उघडलं नाही. आपण मात्र अजूनही प्याल्याकडेच बोट दाखवतो.

तरीही निश्चय लागत नाही का, असं कोणी विचारेल. लागतो. त्याच्यावाचून पहिलं पाऊलच पडत नाही. माळेनं आणि वारीनं हजारो घरं सावरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा आक्षेप शपथेच्या घडणीला आहे. ती अखंड तरी असते, नाहीतर मोडलेली. मधली अवस्था तिच्यात नाही. सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी नेमकं हेच दाखवलं. ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबरचं त्यांचं पुस्तक १९८५ चं. एकदा घसरणं आणि पुन्हा व्यसनात पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, असं ते सांगतात. पहिलीतून दुसरी घडते ती बऱ्याचदा त्या घोटापेक्षा घोटानंतरच्या विचारानं: आता सगळं गेलंच आहे, मी तसलाच आहे, मग आता थांबायचं कशाला? याला व्रतभंगाचा परिणाम म्हणता येईल. व्रत जितकं जाहीर आणि जितकं कडक, तितका हा विचार भारी पडतो.

गैरसमज नको. एकदा घेतली तर काय बिघडलं, असं मी म्हणत नाही. ज्याला व्यसन जडलं त्याच्यासाठी ‘थोडीशी’ बहुतेक वेळा नसतेच, आणि पहिला पेला टाळणं हेच खरं काम आहे. पण तो घेतला गेला, तर पुढे काय? या प्रश्नावर शपथवाले गप्प होतात.

उत्तर माळेतच आहे, हे मला फार उशिरा उमजलं. आमच्याकडे माळेच्या बाबतीत दोन क्रियापदं आहेत. माळ तुटते, आणि माळ काढून ठेवतात. तुटते ती दोरा झिजल्यामुळे, ओढ बसल्यामुळे. मणी गोळा करायचे, नवा दोरा घ्यायचा, ओवायची, पुन्हा गळ्यात. तुटली म्हणून कोणी वारकरी राहत नाही असं नाही. खुंटीला टांगलेल्या माळेचं तसं नसतं. ती हातानं काढलेली असते, ठरवून. दारूच्या बाबतीत मात्र तुटलेली माळ ही काढलेलीच माळ, असं गाव धरून चालतं. घरचेही तसंच धरतात. अखेरीस तो स्वतःही तसंच धरतो, आणि खरोखरच काढून ठेवतो.

तुटणं आणि काढून ठेवणं यांच्यामध्ये एखादी संध्याकाळ असते, फार तर दोन दिवस. व्यसनमुक्तीचं खरं काम तिथे आहे. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, आदल्या तीन दिवसांत झोप झाली होती का, पैसे हातात आले होते का, कुणाशी बोलाचाली झाली होती का, हे ओरडा न करता विचारायचं. जेवायला घालायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे किंवा गटात घेऊन जायचं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण असो की साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन, अशा व्यसनमुक्ती केंद्रांच्या कामात दाखल रुग्णाच्या उपचाराइतकाच मोठा भाग पाठपुराव्याचा असतो. मुक्तांगणात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण ती संध्याकाळ बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येते. म्हणून हे सगळं त्या बाईच्या एकटीच्या गळ्यात बांधावं असं नाही. तिनं आधीच पुष्कळ सोसलेलं असतं, आणि मारहाण होत असेल तर तिनं आधी स्वतःला आणि पोरांना सांभाळावं. हे काम गावाचं आहे.

ग्रामसभेत शपथ देणाऱ्यांना माझी विनंती आहे. शपथ द्या. पण शपथ घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे गावातल्या दोन माणसांची नावं त्याच वहीत लिहा, ज्यांना तो माळ तुटलेल्या संध्याकाळी बिनदिक्कत फोन करू शकेल. आणि त्या दोघांना आजच सांगून ठेवा की फोन आला तर कारण न विचारता त्याच्या घरी जायचं आहे.