न विचारता सांगितलेले

वाचक माउलींनो, न विचारता कोणाला काही सांगू नये असा एक दंडक आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो आलेला आहे, आणि पाठशाळेत शास्त्रीबुवांनी तो आमच्याकडून घोकून घेतला होता. परंतु तो दंडक विद्यादानाविषयीचा आहे. पुलाची फळी मोडली असेल तर मागून येणाऱ्याने ‘पूल कसा आहे हो?’ असे विचारण्याची वाट पाहत कोणी काठावर बसत नाही. तिथे न बोलणे हाच अपराध.

अलीकडे मात्र या दंडकाचा आधार भलत्याच ठिकाणी घेतला जातो. कचेरी असो, मोटारस्टँड असो, यात्रेकरूंची उतरण्याची जागा असो, भिंतीवर ‘आपल्या सूचनांचे स्वागत आहे’ अशी पाटी असते. पाटीखाली पेटी, पेटीला कुलूप. किल्ली कोणाकडे म्हणून विचारले तर तिघेजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात! फोन करावा तर यंत्रातली बाई गोड आवाजात सांगते की आपला फोन आम्हाला फार मोलाचा आहे, आणि अर्धा घटका पेटी वाजवून दाखवते.

अशाच एका उतरण्याच्या जागी (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही) आमच्या दिंडीतली एक म्हातारी माउली न्हाणीघराच्या पायरीवर दुसरी बाई घसरलेली पाहून खिडकीशी गेली. तिला स्वतःला काही नको होते. ती इतकेच म्हणाली, “बाबा, पायरी शेवाळली आहे, कुणाचं तरी माकडहाड मोडेल.” आतून उत्तर आले, “मावशी, तुम्हाला कोणी विचारलं? पटत नसेल तर दुसरीकडे उतरा.” ती काही बोलली नाही. आपल्या अंथरुणाखालचे गोणपाट तिने आणले, पायरीवर पसरले, आणि त्या रात्री नुसत्या फरशीवर निजली.

आता पाहा, ज्याला राग येतो तो पुन्हा येत नाही, निमूट दुसरी जागा धरतो. जो थांबून सांगतो त्याला त्या जागेविषयी काही वाटत असते. त्याने पदरचा वेळ खर्च केलेला असतो, आणि बहुधा त्याचे काम होऊन गेलेले असते; फायदा होणार तो पुढच्याचा. कायदा या माणसाला फारसा उपयोगी पडत नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याच्या जागी २०१९ चा नवा आला. फसवणूक झालेल्याला त्यात दाद मागता येते, भरपाई मिळते. पण ज्याला भरपाई नकोच आहे, नुसते सांगायचे आहे, त्याला ऐकणारे माणूसच लागते.

गोरोबाकाकांच्या घरची हकिगत आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. तेरढोकीला संतांचा मेळा जमला होता. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे दाखवून हे काय म्हणून विचारले. काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आमचीही परीक्षा करा, असे मुक्ताई म्हणाली आणि काका एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत निघाले. सगळे स्वस्थ बसले. नामदेवरायांच्या डोक्यावर बसले मात्र, ते चिडले. काकांनी सांगून टाकले की हे मडके कच्चे आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. नामदेवरायांनी परीक्षा मागितली नव्हती. मागितली मुक्ताईने. त्यांच्या दृष्टीने हा अभिप्राय न मागता आलेला, तोही चारचौघांत, आणि देव ज्याच्याशी बोलतो अशा भक्ताला! खिडकीतल्या माणसाला येतो तोच राग त्यांनाही आला. फरक पुढे आहे. ते रागातच पंढरीला गेले आणि देवापाशी गाऱ्हाणे घातले. देवाने आपल्या लाडक्याची बाजू घेतली नाही. ‘ते लोक कोण सांगणारे?’ असे म्हटले नाही. गुरू कर, विसोबा खेचरांकडे जा, असे सांगितले. आणि नामदेवराय गेले. रुसून पंढरीलाच बसून राहिले असते तर कोणी काय केले असते?

तरीही खिडकीतल्या माणसाची बाजू आम्ही सोडत नाही. सकाळपासून शंभर जण त्याच्यावर ओरडून गेलेले असतात. पायरी त्याने बांधली नाही, घासणारा नेमण्याचा अधिकार त्याला नाही. ज्याला अधिकार आहे तो खिडकीत बसत नाही. म्हणून पायरीचे बोलणे त्याला स्वतःवरचा आरोप वाटतो आणि तो खेकसतो. आमचे म्हणणे इतकेच, की ‘लिहून घेतो, वर कळवतो’ या चार शब्दांना अधिकार लागत नाही. मग मात्र खरोखर कळवावे, नाहीतर ते शब्दही पेटीच्या कुलपासारखेच.

वर कळले की काय होते याचे एक उदाहरण दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवले आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली उतारूने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिले. फणस जास्त झाल्याने पोट बिघडले, अहमदपूर स्टेशनावर उतरावे लागले, तोच गार्डाने शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर, अशी धावपळ, लोकांसमोर पडझड, आणि गाडी गेली. पत्रातले इंग्रजी मोडकेतोडके आहे, अजूनही लोक वाचून हसतात. पण त्या पत्रावरून चौकशी होऊन खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप आले असे सांगतात. भाषेची चूक काढून पत्र टोपलीत टाकणे किती सोपे होते!

आणि आपल्या घरात काय चालते? ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबांनी लावून दिलेली शिस्त आठवा. मुक्कामावर पालखी पोचली की समाजआरतीसाठी सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र थांबत नाही, टाळ वाजवीतच राहते. तिला कोणी ‘गप्प बसा’ म्हणत नाही. चोपदार स्वतः चालत तिच्यापाशी जातात, काय झाले ते ऐकतात, त्याची वासलात लावतात. मग हरवले-सापडले पुकारायचे, उद्या निघण्याची वेळ सांगायची, आणि नंतर आरती. सगळा समाज दिवसभर चालून दमलेला असतो, पाय भरून आलेले असतात, पण एका दिंडीसाठी तो उभा राहतो.

सांगणाऱ्यालाही दोन शब्द सांगून ठेवतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे खरे तर हवेच, पण हिताचे हवे आणि ऐकणाऱ्याच्या मनाला टोचणारे नको. तेव्हा कोणती पायरी, कुठली, केव्हापासून, एवढेच बोलावे. खिडकीतल्या माणसाच्या आईबापांपर्यंत जाऊ नये. तो खेकसला तर त्याच्या वरच्याला कागदावर लिहावे, तारीख घालावी, नक्कल आपल्यापाशी ठेवावी. आणि तोवर गोणपाट असेल तर पसरावे.