मुक्या जिवांची राखण आणि निखळ नीयत



रमजानमधील एका जुम्याच्या नमाजनंतर किनाऱ्याकडील गावचा एक तरुण माझ्याजवळ थांबला. तो समुद्री कासवांच्या अंड्यांच्या राखणीला जात असे. संकोचाने त्याने विचारले, "मौलाना, अब्बा म्हणतात, हा वेळ वाया चालला आहे. यात खरोखर काही सवाब आहे का?" मी घाईत होतो. "नमाज सांभाळ म्हणजे झाले," एवढे बोलून मी पुढे गेलो. ते उत्तर अपुरे होते आणि त्याची बोच अद्याप गेलेली नाही. म्हणून त्याचे उत्तर आज येथे देत आहे.

हे काम आपल्या कोकणातीलच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ते सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती परत येऊन पिलांकडे पाहत नाही. मागे उरतात ती कुत्री, कोल्हे आणि अंडी चोरणारी माणसे. स्वयंसेवक पहाटे वाळूवरील माग काढतात, अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवस राखण करतात. पिले बाहेर आली की ती वाळूवर सोडली जातात आणि स्वतः चालत समुद्राला मिळतात.

कुरआनने सूरह अनआममध्ये जमिनीवरील प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली, तेव्हा ती पंख पसरून तडफडू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कोणी दुखावले अशी विचारणा केली आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस तर आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्येक सजीवाच्या सेवेत मोबदला आहे, हाच तिचा बोध.

आता नीयतीचा विचार करा. गरिबाला अन्न दिले तर तो दुआ देतो. कासवाचे पिलू मात्र मागे वळूनही पाहत नाही. सूरह दहरमध्ये वर्णिलेले नेक लोक अन्न देताना ना बदला मागतात, ना आभार. अशा इख्लासची सवय लावून घेण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? मात्र तेथेही छायाचित्र आणि वाहवा यांसाठीच कोणी उभा राहिला, तर ही कमाई हातची गेली.

पिले पाहण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येतात आणि गावातील घरांतच उतरतात. त्यांना दोरीमागे बसवणे, पिलांना हात लावू नका, दिवे पाडू नका असे दहादा शांतपणे सांगणे, हीही सेवाच आहे. पाहुण्याचा सन्मान हा ईमानाचा भाग आहे. आपण मुलांना घेऊन गेलात तर त्या स्वयंसेवकाचे ऐका आणि आपला कचरा सोबत परत न्या. वाटेतील उपद्रव दूर करणे ही ईमानाची एक शाखाच आहे.

त्या तरुणास माझे सांगणे असे: बेटा, होय, यात सवाब आहे. फर्ज नमाज चुकवू नकोस, अब्बांशी वाद घालू नकोस. एखाद्या पहाटे सहरीनंतर फज्र अदा करून त्यांनाच सोबत ने. आणि त्या वडिलांना विनंती: रात्री जागणारा आपला मुलगा कोणत्या कामासाठी जागतो, हे एकदा पाहून या.

अल्लाह आपल्या अंतःकरणांत त्याच्या सृष्टीविषयी दया आणि आपल्या कर्मांत इख्लास निर्माण करो. आमीन.